आधी मजकूर, मग चौथरा

नंदुरबारच्या बाजारपेठेत ९ सप्टेंबर १९४२ रोजी जिथे मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथेच आज स्मारक आहे. शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा तिथे पडला, आणि त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास. त्या दगडाला फारसं काही सांगावं लागत नाही. मिरवणूक कुठून आली, पोलीस कुठे उभे होते, पोरं कुठे कोसळली, हे जुनी माणसं हात करून दाखवू शकतात. जागा साक्षीला आहे.

लढाऊ वैमानिकाच्या गावाजवळ असं दाखवायला काहीच नसतं. तो पडला ती जागा शेकडो मैल लांब असते, बरेचदा सरहद्दीच्या पलीकडे. पार्थिव गावी येईलच असं नाही. गावाकडे उरतं ते त्याचं लहानपण: शाळा, आळी, पोहायची विहीर, बारावीच्या वर्गातला एक फोटो. त्या लहानपणाचा आणि त्या मरणाचा सांधा जुळवायचं काम गावातल्या स्मारकाला करावं लागतं, कारण ते दुसरं कोणी करणार नाही. खान्देशातल्या तालुक्याच्या गावांतून अशा स्मारकांची मागणी होते तेव्हा मी मनापासून तिच्या बाजूने असतो. पण एका अटीवर. काय कोरायचं ते आधी ठरावं, ते खरं असावं, पुरेसं असावं. चौथऱ्याची उंची नंतर ठरवता येईल.

ही अट मी का घालतो ते समजायला काही वैमानिकांची मरणं नीट पाहावी लागतील.

फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना आपलं छोटं नॅट विमान वर नेलं आणि सहा सेबर विमानांच्या टोळीशी झुंज घेतली. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. त्यांच्या विमानाचे अवशेष सापडले, देह सापडला नाही. लुधियानाजवळच्या इसेवाल गावात त्यांच्या नावाने जे काही उभं आहे, ते समाधीऐवजी आहे असंच म्हणायला हवं.

दुसरे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या, कर्नाटकातल्या कोडगूचे. त्यांची गोष्ट मी जरा थांबून सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. ७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे आदमपूरहून बारा मिस्टेअर विमानं पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर हल्ल्यासाठी निघणार होती. देवय्या राखीव होते. एक विमान गळालं म्हणून ते निघाले. परतीच्या वाटेवर त्यांना एका स्टारफायटरने गाठलं. ते विमान मिस्टेअरपेक्षा कितीतरी वेगवान, त्या काळातलं अव्वल. देवय्या परत आले नाहीत. इकडे नोंद झाली ती बेपत्ता अशी. त्या आकाशात नेमकं काय घडलं हे भारतात कुणालाच माहीत नव्हतं. अनेक वर्षांनी, १९७९ मध्ये, एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने त्या युद्धाची हकीकत लिहिली. तिच्यातून कळलं की त्या दिवशी स्टारफायटरही पडलं होतं आणि त्याचे वैमानिक अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरून वाचले होते. ते विमान पाडलं कुणी? तारीख, जागा, विमानांचे प्रकार जुळवत गेल्यावर उत्तर एकच निघालं. मार बसलेल्या, मागे पडलेल्या मिस्टेअरमधून देवय्या वळले होते आणि लढले होते. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आलं. मधे तेवीस वर्षं गेली. मडिकेरीत आज एका चौकाला त्यांचं नाव आहे.

आता विचार करा. १९६६ मध्ये कुणी उत्साहाने स्मारक उभारलं असतं, तर दगडावर काय लिहिलं असतं? ‘देशासाठी प्राणांची आहुती देणारे वीर सुपुत्र’. ते खोटं नव्हतं. पण त्या वाक्यात देवय्या कुठे आहेत? ते वाक्य कुठल्याही गावातल्या कुठल्याही दगडावर चालतं. देवय्यांना देवय्या म्हणून ओळखायचं तर कुणीतरी कागद शोधावे लागले, शत्रूच्या नोंदी वाचाव्या लागल्या, मिनिटांचा हिशेब करावा लागला.

स्मारकांसाठी होणाऱ्या बैठका मी पाहिल्या आहेत. माणसं प्रामाणिक असतात, वर्गणीही देतात. चर्चा चौथरा, कठडा, रोषणाई, कमान आणि लोकार्पणाला कुणाला बोलवायचं यावर होते. कोनशिलेवर कोणकोणत्या पदाधिकाऱ्यांची नावं आणि कोणत्या क्रमाने, यावर तर एखादी संध्याकाळ जाते. मजकूर शेवटी कुणीतरी घाईघाईत लिहून देतं आणि दगड कोरणारा तो जसा येईल तसा कोरतो. म्हणून आपल्याकडे असंख्य फलकांवर उद्घाटकांची माहिती जास्त आणि ज्याच्यासाठी फलक लागला त्याची कमी. त्याच्या जन्मतारखेतही चूक निघते. हे मला फार लागतं. आपला मुलगा आकाशात गेला, पेटलेल्या विमानात त्याने काही क्षणांत एक निर्णय घेतला, आणि आपण त्याला एक शिळं विशेषण देऊन मोकळे होतो.

नेमकं लिहिणं अवघड नाही. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा राजस्थानातल्या कोट्याचे. कारगिलच्या युद्धातल्या त्यांच्या मरणाबद्दल दगडावर एवढं लिहिता येईल: ‘२७ मे १९९९. सहकारी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन बंद पडलं आणि ते शत्रूच्या भागात छत्रीने उतरले. खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं घेऊन शत्रू खाली बसला आहे हे ठाऊक असूनही अजय आहुजा आपलं मिग-२१ घेऊन त्यांचा ठावठिकाणा शोधत तिथेच घिरट्या घालत राहिले. त्यांच्या विमानाला क्षेपणास्त्र लागलं. त्यांनी उडी घेतली, पण ते जिवंत परतले नाहीत. नचिकेता आठवडाभराने सुटून आले. अजय आहुजा यांचं वय ३६. मरणोत्तर वीरचक्र.’ एवढंच. सातवीतलं मूल हे उभ्या उभ्या वाचेल आणि घरी जाऊन सांगेल की एक माणूस मित्राला शोधायला थांबला. ‘वीर सुपुत्र’ वाचून ते घरी काय सांगणार?

नेमकेपणाचा दुसरा अर्थ खरेपणा, आणि तो जास्त कठीण आहे. आपल्या शेजारच्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामजवळ हेलिकॉप्टर कोसळून गेले. बालाकोटनंतरच्या त्या सकाळी सीमेवर हवाई चकमक सुरू होती, आणि हेलिकॉप्टरला आपल्याच क्षेपणास्त्राने टिपलं होतं. हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही मोठी चूक असल्याचं उघडपणे मान्य केलं. मांडवगणे यांचं विमान लढाऊ नव्हतं, तरी उदाहरण इथे लागू आहे. हवाई दल जे जाहीरपणे कबूल करतं, ते लिहायला गावाने बिचकू नये. त्या हेलिकॉप्टरमधल्या माणसांच्या कर्तव्यात त्यामुळे कणभर उणेपणा येत नाही. ते वर होते, कारण त्यांना वर असायला सांगितलं होतं.

आणि युद्धच कशाला हवं? सरावाच्या उड्डाणात जाणारे वैमानिक थोडे नाहीत. मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं की हवाई दलाच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिकांचे प्राण गेले. पैकी पुष्कळ मिग आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातच तयार झालेली. ‘युद्धात गेला की अपघातात?’ असा प्रश्न गावात विचारला जातो, आणि दुसऱ्या उत्तरावर आवाज जरा खाली येतो. तो येऊ नये. शांततेच्या काळात जुन्या विमानावर रोज हात बसवणारा माणूसच युद्धाच्या दिवशी कामाला येतो.

मजकुराआधी आणखी एक गोष्ट आहे: घरच्यांना विचारणं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई-७ घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या तळावर गेले आणि परतले नाहीत. १९७१ नंतर परत न आलेल्या ज्या ५४ जणांचा शोध त्यांचे नातेवाईक घेत राहिले, त्यांच्यात तांब्यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी पतीचा शोध कित्येक दशकं चालवला. २००७ मध्ये नातेवाइकांच्या एका गटाला पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले गेले, पण कुणी सापडलं नाही. अशा घरासमोर आपण मृत्यूची तारीख कोरून उभे राहिलो तर तो सन्मान ठरेल का? घरच्यांना तारीख नको असेल तर फक्त ‘या दिवशी निघाले’ एवढं लिहावं. त्यांना फोटो नको असेल तर तो लावू नये. आईला पुतळ्याच्या चेहऱ्यात मुलगा दिसला नाही, तर पुतळा गावाला कितीही आवडो, तो बदलावा.

आता विमान. हल्ली प्रत्येक गावाला चौथऱ्यावर खरं विमान हवं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं, त्यामुळे ही मागणी आणखी वाढेल. लहान मुलं विमानाकडे धावतात हे मलाही दिसतं, आणि त्यांच्या त्या धावण्याचं मोल मी जाणतो. पण वैमानिक हंटर चालवत होता आणि चौथऱ्यावर मिग ठेवलं, तर आपण पहिल्याच पावलाला खोटं सांगितलं. मिळेल ते विमान चालेल, असं इथे चालत नाही. शिवाय भुसावळ-जळगावच्या उन्हाचा विचार हवा. पारा ४५ अंशांवर जातो, रंग पोपडे धरतो, टायर तडकतात, कॉकपिटची काच पिवळी पडते, पंखांखाली पारवे राहू लागतात. देखभालीला माणूस आणि पैसा ठरवून ठेवला नाही, तर काही वर्षांत ज्याचा मान करायचा त्याचीच विटंबना होते. ज्या गावाला ही सोय करता येईल त्याने विमान जरूर मागावं. बाकीच्यांनी त्या पैशांत काळ्या ग्रॅनाइटची एक भिंत आणि तिच्यापुढे दोन कडुनिंब लावावेत. सावली असली तर माणूस थांबून वाचेल.

जागेचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये असं राज्यांना बजावलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी चौकात थांबतं कोण? महामार्ग रुंद झाला की चौक सरकतो, उड्डाणपूल आला की स्मारक त्याच्या खांबाआड जातं, आणि एरवी वाढदिवसांचे फलक त्याला झाकून टाकतात. तो ज्या शाळेत शिकला त्या शाळेचं आवार ही माझ्या मते सर्वांत योग्य जागा. तिथे दरवर्षी नवी मुलं येतात, आणि २०१६ पासून लढाऊ विमानं चालवणाऱ्या मुलीही हवाई दलात आहेत, हे त्या शाळेतल्या मुलींनीही तिथे वाचावं.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो, तो मला सर्वांत वजनदार वाटतो. वैमानिक अधिकारी होता, त्याचं घर बहुधा शिकलेलं, त्याच्यासाठी बोलणारी माणसं गावात आहेत. मग त्याच तालुक्यातले जवान, सीमा सुरक्षा दलातले, राखीव पोलीस दलातले, ज्यांच्या घरी दोन एकर कोरडवाहू कापूस आहे, त्यांची स्मारकं कुठे आहेत? हा प्रश्न टाळून कुठलंही स्मारक उभारू नये. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या युद्धस्मशान आयोगाने हुद्दा न पाहता सर्वांच्या कबरींवर सारखे दगड लावायचं ठरवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती, आणि शिपायाचं नाव अधिकाऱ्याच्या नावाइतक्याच मोठ्या ग्रॅनाइटच्या विटेवर आहे. साताऱ्याकडच्या आपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या ४६ जणांची आठवण एकत्रच जपली. आपल्या स्मारकातही तसंच व्हावं. वैमानिकाची हकीकत सविस्तर सांगावी, आणि त्याच भिंतीवर तालुक्यातल्या सर्वांची नावं, गावं आणि तारखा त्याच आकाराच्या अक्षरांत असाव्यात. जागा मोकळी सोडावी लागेल, हे दुःखाचं असलं तरी खरं आहे.

न लिहिलेली नावं कुठे जातात हे खान्देशाइतकं कुणाला माहीत असणार? १८५८ मध्ये आंबापाणीच्या लढाईत खाज्या नाईकांचे भिल्ल लढले आणि पडले. खाज्या नाईकांचं नाव आपण घेतो. बाकीच्यांची किती नावं तुम्हाआम्हाला सांगता येतात?

दुसरा आक्षेप पैशांचा. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावाने स्मारकावर लाखो रुपये का घालावेत? घालू नयेतच. मी म्हणतो त्या भिंतीचा खर्च पुतळ्याच्या आणि रोषणाईच्या मानाने किरकोळ आहे. मोठा खर्च श्रमांचा आहे, आणि ते श्रम वर्गणीत मिळतात.

युद्धाचा उदोउदो होईल, ही भीतीही काही जण बोलून दाखवतात. ती पोकळ विशेषणांच्या स्मारकाबद्दल रास्त आहे. खऱ्या हकिगतीत मात्र शत्रूही माणूस म्हणून येतो. देवय्यांच्या पराक्रमाचा पुरावा शत्रूच्या बाजूने आला. मग त्यांच्या दगडावर अमजद हुसेन हे नाव यायला काय हरकत आहे? ते वाचणाऱ्या मुलाला कळेल की आकाशात त्या सकाळी दोन माणसं होती आणि दोघांचीही घरं होती.

हे श्रम कुणी करायचे? आपल्याकडे उदाहरण घरचंच आहे. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरं धुंडाळत गावोगाव पायपीट करत राहिले. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आजही कागद सांभाळून आहे. एका वैमानिकाची कागदपत्रं जमवणं त्यांच्या कामापुढे काहीच नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद, घरी आलेली पत्रं, हवाई दलाने दिलेलं सन्मानपत्र, उड्डाणांची नोंदवही घरी आली असेल तर ती. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तालुक्यातल्या बाकीच्यांची नावं मिळवता येतील. निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, इतिहास शिकवणारा एखादा तरुण प्राध्यापक असे चौघे बसले तरी पुरे.

घाई फक्त एका गोष्टीची आहे. १९७१ मध्ये पंचविशीत असलेला सहकारी आज ऐंशीच्या घरात आहे. विमानात दारूगोळा भरणारा, त्या दिवशी शिडी काढून घेणारा तंत्रज्ञही तेवढाच. गावातली ज्यांनी त्याला चड्डीत पाहिलं ती माणसंही थकली आहेत. ‘आमना गावना पोऱ्या व्हता’ असं म्हणून जी म्हातारी सांगायला लागते, तिचं सांगणं तिच्याच अहिराणीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवायला एक पैसा लागत नाही. पुढच्या वर्षी ती असेलच असं नाही. दगड पुढच्या वर्षीही मिळेल.

म्हणून ज्या गावात असं स्मारक ठरलं असेल, तिथल्या समितीला माझी विनंती आहे की पहिल्या ठरावात मजकूर समिती नेमावी आणि तिला सहा महिने द्यावेत. मसुदा तयार झाला की तो आधी घरच्यांना वाचून दाखवावा. मग साध्या कागदावर छापून शाळेच्या फलकावर आणि वाचनालयात महिनाभर लावावा, खाली पेन बांधून, म्हणजे ज्याला चूक दिसेल तो तिथेच लिहील. जमवलेल्या कागदांच्या प्रती तालुक्याच्या वाचनालयात एक आणि धुळ्याला एक अशा ठेवाव्यात. दगड कोरणाऱ्याला बोलवायचं ते त्यानंतर.